सफरचंदाच्या तोडणीला परदेशी मजूर आणताना ‘प्रचलित वेतन’ नेमकं किती धरायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल.

तुम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहात. मेहुण्याबरोबर याकिमाजवळ अडतीस एकर बाग घेतलीत. थोडी चेरी, बाकी सफरचंद, त्यात गाला आणि हनीक्रिस्प. गेल्या हंगामात तोडणीला माणसं मिळाली नाहीत आणि डोळ्यांदेखत फळ झाडाखाली सडलं. म्हणून २०२६ मध्ये १० जून ते ऑक्टोबरअखेर एच-टू-ए व्हिसावर, म्हणजे हंगामी शेतकामासाठीच्या व्हिसावर, चौदा माणसं आणायची आहेत. बागेत वर्षभराची चार स्थानिक माणसं आहेतच. शेजारी म्हणतो, राज्याचं किमान वेतन दिलं की भागतं. कन्सल्टंट म्हणतो, तासाला वीस डॉलर धरून चाला. तुम्ही स्वतः सरकारी संकेतस्थळावर ‘प्रिव्हेलिंग वेज’, म्हणजे प्रचलित वेतन, त्या भागात त्या कामाला चालू असलेला दर, शोधलंत, तर तुमच्या कामापुढे आकडाच नाही. यातलं खरं कोणतं? आणि जाता जाता विचारलंय की गावाकडची मुलं आणता येतील का.

मी वकील नाही. मूळची तासगावची, घरची द्राक्षबाग. गेली सतरा वर्षं याच खोऱ्यातल्या लहान-मध्यम बागायतदारांची पगारपत्रकं आणि एच-टू-एची कागदपत्रं सांभाळते. तेव्हा पुढचं सगळं हजेरीपटाच्या बाजूने बघितलेलं आहे. अर्जावर सही करण्याआधी शेतमजूर कायद्यातला वकील गाठाच. तुम्ही स्वतः अजून एच-वन-बीवर असाल, तर ‘मी शनिवार-रविवारी बागेत काम केलं तर चालेल का’ हेही त्यालाच विचारा. तो वेगळाच गुंता आहे.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. आयटीतल्या माणसाला ‘प्रिव्हेलिंग वेज’ म्हटलं की स्वतःचा एलसीए, म्हणजे एच-वन-बीसाठी मालक कामगार खात्याकडे भरतो तो अर्ज, आठवतो. पद, काउंटी, चारपैकी एक पातळी, समोर एक आकडा, विषय संपला. शेतीत तसं नाही. इथे प्रचलित वेतन हा पाच आकड्यांपैकी फक्त एक आहे. दुसरा एईडब्ल्यूआर, म्हणजे परदेशी मजूर आल्यामुळे स्थानिकांची मजुरी पडू नये म्हणून केंद्रीय कामगार खात्याने ठरवलेला दर. तिसरा, कामगार संघटनेशी करार असेल तर त्यातला. चौथा केंद्राचं किमान वेतन, जे ७.२५ डॉलरवर बसलेलं आहे आणि आपल्या राज्यात कुणी त्याकडे बघतही नाही. पाचवा राज्याचं किमान वेतन. २०२५ मध्ये ते १६.६६ होतं, १ जानेवारी २०२६ पासून १७.१३. या पाचांत जो सर्वांत मोठा, तो द्यायचा. नुसता द्यायचा नाही, जाहिरातीतही तोच छापायचा.

तेव्हा तुमचा शेजारी खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. कन्सल्टंटचंही तेच. त्याच्या डोक्यात २०२५ चा आकडा आहे. त्या वर्षी वॉशिंग्टन आणि ओरेगनसाठी एईडब्ल्यूआर १९.८२ होता. कॅलिफोर्नियाला १९.९७, जॉर्जियाला १६.०८. काम तेच, झाडंही कधी कधी तीच, पण दर राज्याप्रमाणे बदलतो.

हा आकडा वर्षानुवर्षं केंद्रीय कृषी खात्याच्या शेतमजुरी पाहणीतून यायचा. पाहणीत प्रदेशाची सरासरी काढायची, तोच पुढच्या वर्षीचा दर. २०२५ मध्ये ही घडी विस्कटली. कोणत्या कामाला कोणता दर लागतो ते ठरवणारा २०२३ चा नियम लुइझियानातल्या केंद्रीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केला. त्याच सुमारास कृषी खात्याने ती पाहणीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग २ ऑक्टोबर २०२५ ला कामगार खात्याने अंतरिम नियम आणला. आता दर काढायचा तो व्यवसायनिहाय वेतनाच्या सर्वसाधारण पाहणीतून, म्हणजे तुमच्या एलसीएचे आकडे जिथून येतात तिथूनच. पातळ्या चार नाहीत, दोन आहेत: नवखा आणि अनुभवी. शिवाय एच-टू-ए मजुराला घर फुकट द्यावं लागतं, म्हणून त्याच्या दरातून घरापोटी ठरावीक रक्कम आधीच कमी करून तक्ता छापतात. युनायटेड फार्म वर्कर्स ही संघटना याविरुद्ध न्यायालयात गेली आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? नवखा धरून, घराची रक्कम काढून आलेला आकडा राज्याच्या किमान वेतनाखाली गेला, तर १७.१३ लागू होतो. शेजाऱ्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरतं. पण मी माझ्या माणसांना अंदाजपत्रक दोन रकान्यांत मांडायला सांगते. एकात १७.१३, दुसऱ्यात १९.८२. दुसऱ्या रकान्यात बाग तोट्यात जात असेल, तर न्यायालयाच्या एका आदेशावर तुमचा हंगाम टांगलेला आहे असं समजा. आणि अर्ज भरताना त्या दिवशीचा छापील तक्ताच उघडा. शेजाऱ्याचा नको, कन्सल्टंटचा नको, माझाही नको.

जॉब ऑर्डरीत, म्हणजे काम, तास आणि दर लिहून सरकारकडे भरायच्या फॉर्ममध्ये, एकदा लिहिलेला दर नंतर खाली येत नाही. तक्त्यातला दर हंगामात उतरला तरी तुम्ही लिहिलेलाच द्यायचा. वर गेला, तर सूचना निघाल्यापासून जास्तीत जास्त चौदा दिवसांत नवा द्यायचा. ही वाट एकेरी आहे.

आता तुम्ही शोधलेल्या ‘प्रचलित’ दराकडे येते. तिथे रकाना रिकामा दिसला, त्यात तुमची चूक नाही. हा दर राजधानीतले केंद्राचे लोक कचेरीत बसून ठरवत नाहीत. राज्याची यंत्रणा, आपल्याकडे एम्प्लॉयमेंट सिक्युरिटी डिपार्टमेंट, बागायतदारांना विचारून पाहणी करते: अमुक पीक, अमुक काम, काय दर दिला? २०२२ च्या नियमाने त्या पाहणीला काही अटी आहेत. निदान पाच मालकांची माहिती हवी, निदान तीस स्थानिक मजुरांची हवी, आणि एकाच मालकाची माणसं नमुन्यात पंचवीस टक्क्यांहून जास्त नकोत. अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर त्या कामाला प्रचलित दर नाही. मग उरलेल्या चार आकड्यांत स्पर्धा. आपल्या राज्यात या पाहण्यांवरून भांडणं कमी झालेली नाहीत. फेमिलियास उनिदास पोर ला हुस्तिसिया ही इथली शेतमजूर संघटना यावरून केंद्राला न्यायालयात घेऊन गेली होती. तेव्हा आज रिकामा दिसलेला रकाना तोडणीच्या वेळीही रिकामाच असेल असं गृहीत धरू नका. हंगामात मी दर सोमवारी तो तक्ता उघडते. दोन मिनिटांचं काम.

प्रचलित दर तासाचा असेल तर सोपं असतं. पण सफरचंदाला तो बहुतेक बिनमागे, म्हणजे फळं भरायच्या मोठ्या खोक्यामागे, असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

रोजंदारी आणि उक्तं यातला फरक तुम्हाला सांगायला नको. इथे तोडणी उक्त्यावर चालते. एका बिनमध्ये साधारण चारशे किलो सफरचंद बसतं आणि बिनमागे पैसे. गाला भराभर निघतो. हनीक्रिस्पचा देठ टोकदार. तो शेजारच्या फळात घुसून डाग पडतो, म्हणून प्रत्येक फळाचा देठ छोट्या कात्रीने कापूनच बिनमध्ये ठेवायचं. वर रंग बघून दोन-तीन फेऱ्यांत तोडायचं. जो गडी गालाचे दिवसात पाच बिन भरतो, तो हनीक्रिस्पचे तीन भरले तरी खूष असतो. म्हणून जातीनुसार दर वेगळा ठेवावा लागतो. सगळ्यांना एकच दर ठेवणाऱ्याची माणसं हनीक्रिस्पच्या ओळीत पाय ओढत जातात.

नियम असा की उक्त्याचे पैसे मोजून झाल्यावर त्याच पगाराच्या मुदतीतले तास तासाच्या हमीदराने, म्हणजे वरच्या पाचांतल्या सर्वांत मोठ्या दराने, गुणायचे. उक्तं कमी पडलं तर फरक मालकाने भरायचा. आणि बिनचा प्रचलित दर जाहीर झालेला असेल, तर तुमचा बिनदर त्याखाली नेता येत नाही. ‘मी बिनला कमी देतो, तासाची भर घालतो, एकूण तेवढंच होतं’ हा हिशेब चालत नाही, कारण चपळ माणसाचं त्यात नुकसान होतं.

आता एका माणसाचा एक आठवडा कागदावर उतरवते. आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, बिनदर सरकारी समजू नका. तासाची हमी २०२५ ची, १९.८२. पाच दिवस, रोज आठ तास, एकूण चाळीस तास. बिन भरले २३, दर ३२ डॉलर. उक्त्याचे झाले ७३६. चाळीस तासांची हमी ७९२.८०. नवा बागायतदार इथे ५६.८० ची भर घालतो आणि पगारपत्रकावर ‘फरक’ म्हणून एक ओळ लिहून मोकळा होतो. रक्कम बरोबर, कागद चूक.

कारण वॉशिंग्टनमध्ये उक्त्यावरच्या माणसाची दहा-दहा मिनिटांची विश्रांती बिनच्या पैशांत धरता येत नाही. एका बेरी उत्पादकाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे सांगितलं. दर चार तासांना दहा मिनिटं, म्हणजे दिवसाला वीस, आठवड्याला शंभर मिनिटं, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. त्याचे १९.८२ ने ३३.०३ डॉलर, ही स्वतंत्र ओळ. उरले ३८ तास २० मिनिटं, त्यांची हमी ७५९.७७. त्यातून उक्त्याचे ७३६ वजा केले की खरी भर २३.७७. बेरीज तीच, ७९२.८०. पण तपासनीस आला तर पहिल्या पत्रकात त्याला विश्रांतीचे पैसे दिसणारच नाहीत. तो ते ‘दिलेच नाहीत’ असं धरू शकतो. आणि ज्या गड्याने तीस बिन भरले, त्याला तर फरकाची ओळच लागत नाही. त्याच्या विश्रांतीचे पैसे खरोखरच बुडतात. वर त्याच्या विश्रांतीचा दर त्याच्या स्वतःच्या उक्त्याच्या सरासरीने काढायचा, हमीदराने नाही.

शिड्या हलवणं, बागेतून बागेत जाणं, सकाळच्या सूचना ऐकणं, हे तोडणीबाहेरचे वेळही वेगळे मोजायचे. २०१८ च्या निकालाने तेही उक्त्याच्या पोटात ढकलता येत नाहीत. आणि १ जानेवारी २०२४ पासून राज्यात शेतीलाही आठवड्याच्या चाळीस तासांनंतर दीडपट लागते. केंद्राच्या कायद्यात शेतीला ही सूट आहे, म्हणून जॉर्जियातल्या एखाद्या ओळखीच्या बागायतदाराचं अंदाजपत्रक इथे उचलून आणू नका.

इथपर्यंत एवढं हाती ठेवा: पाच आकड्यांतला मोठा द्यायचा, तो अर्जाच्या दिवशी तपासायचा, उक्तं असेल तरी तासाची हमी सुटत नाही, आणि पत्रकावर प्रत्येक गोष्टीची वेगळी ओळ. पण माझ्या अनुभवात बागायतदार बुडतो तो दर चुकल्याने नाही. तो बुडतो जॉब ऑर्डर कशीबशी भरल्याने. त्या फॉर्ममधली कामाच्या वर्णनाची ओळ वाचताना ती पगाराची ओळ आहे असं समजा.

एक उदाहरण सांगते. माझ्याही चुकीचं आहे, म्हणून नाव गाव नाही. एका बागायतदाराची चेरी चालू होती. ऑर्डरीत काम लिहिलेलं ‘चेरीची तोडणी’. त्याच्या शेडमध्ये स्वतःच्याच मालाची निवड आणि भरणी करायला सात स्थानिक बायका होत्या, किमान वेतनावर. जुलैत दोन दिवस पाऊस लागला. पावसात भिजलेली चेरी फुटते, म्हणून तोडणी बंद. एच-टू-एची माणसं खोलीवर बसून होती. मालकाला वाटलं, बसून तरी काय करतील, शेडमध्ये मदत करू दे. दोन दिवस त्यांनी बायकांच्या बरोबरीने चेरी निवडली. हजेरीपट माझ्या टेबलावरून गेला. मी तास जुळवले, काम काय केलं तो रकाना वाचला नाही.

नियम सांगतो, एच-टू-एचा माणूस जे शेतकाम करतो, तेच काम करणारा कुणीही स्थानिक माणूस त्या कराराच्या काळात त्याच दराचा हक्कदार होतो. काम ऑर्डरीत लिहिलेलं असो की नसो. तपासणी झाली. सातही बायकांना फरक द्यावा लागला, शिवाय ऑर्डरीबाहेरचं काम दिलं म्हणून दंड. दोन दिवसांच्या फुकटच्या मदतीची किंमत बागेला अशी पडली. त्यातली एक बाई चेक घेताना मला म्हणाली, “आम्ही हेच काम अकरा वर्षं करतोय.” मला उत्तर सुचलं नव्हतं.

आता तुमच्या त्या चार माणसांकडे बघा. ती विरळणी करतात, छाटणी करतात, तोडणीलाही असतात. म्हणजे करार सुरू झाला की एच-टू-एच्या कामातलं जे काम ती करतील, त्याला तोच दर. आणि इथे नव्या नियमाची एक उलटी बाजू आहे. घरापोटीची वजावट फक्त एच-टू-ए माणसाच्या दरातून होते. तुमची चार माणसं आपापल्या घरी राहतात, त्यांना वजावट न केलेला दर लागतो. म्हणजे एकाच ओळीत, एकाच झाडावर स्थानिक माणसाचा तासाचा दर परदेशी माणसापेक्षा जास्त निघू शकतो. खर्चाचा तक्ता चौदा माणसांचा नाही, अठरांचा करायचा. शिवाय कराराची अर्धी मुदत होईपर्यंत जो लायक स्थानिक माणूस काम मागायला येईल, त्याला घ्यावं लागतं, त्याच अटींवर. तुमची ऑर्डर सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते. वस्तीतली माणसं ती वाचतात, शेजारचे बागायतदारही वाचतात. तुम्ही बिनला काय लिहिलंत ते दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टपरीवर कळलेलं असतं.

अनुभवाच्या अटीचंही तसंच. ‘अमुक महिन्यांचा अनुभव हवा’ असं सवयीने लिहितात. वाटतं, बरी माणसं मिळतील. त्याने दराची पातळी चढू शकते, आणि ती अट स्थानिकांना अडवण्यासाठी नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची. चौदांपैकी एकाला मुकादम करायचं मनात असेल, किंवा एकाने रस्त्यावर मोठा ट्रक चालवायचा असेल, तर ते काम दुसऱ्या वर्गात जातं आणि दर वेगळा. जुन्या नियमात महागातलं एखादं काम ऑर्डरीत असलं तरी पूर्ण दर चढायचा. अंतरिम नियमात कराराच्या निम्म्याहून जास्त दिवस कोणतं काम आहे ते बघतात. तरीही त्या एका माणसाची वेगळी ऑर्डर काढणं मला बरं वाटतं. चौदांच्या ऑर्डरीत ‘आणि सांगेल ते काम’ हे शब्द तर कधीच नकोत.

यानंतरची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या बागेत सर्वांत महाग पडेल ती हीच. तीन-चतुर्थांश हमी.

ऑर्डरीत जेवढे तास लिहाल, त्याच्या पाऊण हिश्श्याचं काम देण्याची, नाहीतर तेवढे पैसे देण्याची हमी तुम्ही घेता. आठवड्याला निदान पस्तीस तास लिहावेच लागतात. वीस आठवडे धरू: सातशे तास, पाऊण हिस्सा ५२५. आता तुमची बाग बघा. चेरी जुलैच्या शेवटी संपते. गाला ऑगस्टच्या मध्यानंतर येतो. मधले तीन आठवडे चौदा माणसांना अडतीस एकरांत काम काय? समजा शेवटी प्रत्येकाचे ४७० तास भरले. ५५ तास कमी. १९.८२ ने प्रत्येकी १,०९०.१०, आणि चौदांचे १५,२६१.४०. न केलेल्या कामाचे. वर उक्त्यात माणसाची तासाची सरासरी हमीपेक्षा जास्त पडत असेल, तर हे उरलेले तास त्या सरासरीने मोजायचे.

गारपीट, हिमदव, आग असं काही झालं तर करार मधेच संपवायला परवानगी मागता येते. मग हमी तोपर्यंतच्या काळापुरती उरते. पण ‘बाजार पडला’ किंवा ‘बाग लहान निघाली’ ही कारणं त्यात बसत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: चौदा माणसं वीस आठवडे हा तुमच्या बागेला सोसणारा घाट नाही. एकतर विरळणी आणि उन्हाळी छाटणी ऑर्डरीत नीट लिहून मधला काळ भरा आणि माणसं आठ-नऊवर आणा. नाहीतर चेरी स्थानिक कंत्राटदाराकडून उरका आणि एच-टू-ए फक्त ऑगस्टपासून घ्या. तिसरा मार्ग, बागायतदारांच्या संघटनेतून शेजाऱ्यांबरोबर संयुक्त मालक म्हणून अर्ज करायचा, म्हणजे तुमच्याकडे काम नसेल तेव्हा माणसं दुसऱ्याच्या बागेत जातात. मात्र शेजाऱ्याने पगार चुकवला तर झळ तुम्हालाही पोचते, हे लक्षात घेऊन शेजारी निवडा.

या हमीमुळेच हजेरीपटावर तासांचे दोन रकाने ठेवा: देऊ केलेले तास आणि केलेले तास. माणूस पोट दुखतं म्हणून दुपारी खोलीवर गेला, तर देऊ केलेले आठ, केलेले चार. हे रोजच्या रोज लिहिलं नाही तर ऑक्टोबरात ते चार तास तुमच्या अंगावर येतात. पगाराच्या चिठ्ठीवरही दोन्ही छापावे लागतात. सगळे कागद तीन वर्षं जपायचे.

बाकीचे खर्च पटकन सांगते. घर फुकट, आणि आपल्या राज्यात हंगामी मजुरांच्या घराला आरोग्य खात्याचा परवाना लागतो. त्याला वेळ लागतो, आजच चौकशी करा. हत्यारं, शिड्या, पिशव्या फुकट. जेवणाची सोय किंवा चालू स्वयंपाकघर. येण्याचा प्रवासखर्च नियमाने अर्धी मुदत झाल्यावर परत द्यायचा असतो, पण २०१३ मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे आपल्याकडच्या पश्चिमी राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, सांगितलं की प्रवास-व्हिसाचा खर्च वजा जाता पहिल्या आठवड्याची मजुरी किमान वेतनाखाली जाता कामा नये. म्हणून मी पहिल्याच पगारात तो देऊन टाकायला लावते. एक गोष्ट तुमच्या बाजूची: एच-टू-एच्या मजुरीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही, ना त्याच्या बाजूने ना तुमच्या. स्थानिक चौघांवर लागतं.

वेळापत्रक १० जून धरलं तर असं: जॉब ऑर्डर २७ मार्च ते ११ एप्रिल या पंधरवड्यात, मुख्य अर्ज २६ एप्रिलच्या आत. त्यातही ऑर्डरीवर प्रश्न येतात आणि दुरुस्त्या कराव्या लागतात. मार्चमध्ये घर तयार नसेल तर जून विसरा.

राहिली गावाकडची मुलं. पूर्वी कोणत्या देशांतून माणसं आणता येतात याची यादी असायची, त्यात भारत नव्हता. जानेवारी २०२५ पासून ती यादीच रद्द झाली, म्हणजे कागदावर दार उघडं आहे. व्यवहारात मी तुम्हाला नको म्हणेन. विमानाचं भाडं मेक्सिकोच्या बसभाड्याच्या कितीतरी पट, आणि ते तुम्हालाच द्यायचं. हंगामानंतर मुलगा परत जाणार याची खात्री वकिलातीला पटवून देणं अवघड. आणि तिसरं कारण मला जास्त छळतं. ऊसतोडीला मुकादम उचल देतो आणि जोडपं हंगामभर बांधलं जातं, हे आपण बघितलेलं आहे. इथे तेच उलट्या दिशेने होतं. ‘अमेरिकेत तासाला सतरा डॉलर’ हे गावात कळलं की कुणीतरी मधला माणूस उभा राहतो, लाख-दोन लाख मागतो, आणि पोरगं जमीन गहाण टाकून येतं. मजुराकडून भरतीचे पैसे घेणं पूर्ण बंद आहे. तुम्ही घेतले नसले तरी तुमच्या वतीने कुणी घेतले आणि तुम्हाला ते कळायला हवं होतं असं ठरलं, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. तुमच्या गावातला तो ‘कुणीतरी’ तुमचा चुलतभाऊही असू शकतो.

पुढचं बोलायचं तर तीन गोष्टी कळवा: त्या चौघांना आज तासाला काय देता, त्यातलं कोण कोणतं काम करतं, आणि चेरी नेमकी किती एकर आहे. चौघांचा मागच्या हंगामातला एखादा पगाराचा कागद असेल तर नावं झाकून पाठवा. विश्रांतीची ओळ त्यावर आहे का, ते मी आधी बघेन.